पिकअप सरांचा नियम

माझे भाऊजी इंग्रजी बोलण्याचे क्लास घेतात. तोंडावर त्यांना सगळे सर म्हणतात, पाठ फिरली की पिकअप सर. दहा हजार शब्द पाठ करणारे हमाल असतात, असं त्यांचं ठाम मत. "एक पिक अप पक्का करा," ते फळ्यावर खडू आपटून सांगत, "साहेबाचा सगळा संसार त्यात बसतो."

आणि खरंच, तो बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. पडलेली पिशवी उचलली, पिक अप. वाजणारा फोन घेतला, पिक अप. सासूला स्टेशनवरून आणलं, तेही तेच. मंदावलेल्या धंद्याने जीव धरला, वाऱ्याने जोर धरला, ऐकून ऐकून परकी भाषा यायला लागली, सगळीकडे हाच पठ्ठ्या. एक अर्थ अनोळखी मुलीशी सलगी करण्याचा होता. तो आला की भाऊजी खडू झटकत आणि म्हणत, "हा घरी वाचा." तेवढा गृहपाठ सगळे न चुकता करत.

त्यांच्या क्लासला एकच नियम होता. आपल्या भाषेत बोललेलं सरांना ऐकू येत नसे. ज्याच्या तोंडून आपला शब्द निसटेल त्याने क्लास संपेपर्यंत जिन्यावर उभं राहायचं. जिना खालच्या स्कूटरच्या गॅरेजात उतरत असे. कधी बाकांपेक्षा जिन्यावरच गर्दी जास्त व्हायची. त्यातले दोघे आज उत्तम कार्बोरेटर साफ करतात. भाऊजी त्यांनाही आपलेच यशस्वी विद्यार्थी म्हणतात.

एवढं असून क्लासने मात्र पिक अप घेतला नव्हता. शेवटी आमच्या बाबांनी जावयाला मुदत दिली. या महिन्यात काही जमलं तर ठीक, नाहीतर पहिल्या तारखेपासून आमच्या लाकडाच्या वखारीत यायचं आणि फळ्या मोजायच्या. वखारीत दिवसभर आपल्याच भाषेत ओरडावं लागतं.

तेवढ्यात फ्रिज विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. त्यांच्या तक्रार केंद्रात फोन घेणाऱ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं होतं. त्यांचे अधिकारी आधी एक तास बसून क्लास बघणार होते. हे काम मिळालं की वखार टळली.

भाऊजींनी भिंती रंगवल्या, ओळखीच्या हॉटेलातून जुना एसी मागून आणला आणि तो पंख्याच्याच वायरला जोडून टाकला. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. अधिकारी येणार त्या दिवशी खुर्च्या लावायला गेलो, ती वायर पाहिली आणि भाऊजींना गाठलं.

"भाऊजी, ही वायर एवढा लोड घेणार नाही. जळेल."

अधिकारी शेवटच्या बाकावर बसत होते. भाऊजी माझ्याकडे बघून हसले, कानामागे हात धरला आणि दुसऱ्या हाताने जिना दाखवला.

जिन्यावर ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती आपल्याच भाषेत बोलते म्हणून तिला आत मज्जावच होता.

"तुलाही हाकललं?"

"ताई, वायर जळेल गं."

"त्यांना सांगितलंस?"

"ऐकू येत नाही त्यांना."

"मला लग्नापासून माहिती आहे," ताई म्हणाली.

आत क्लास रंगात आला होता. उचललेल्या पिशव्या झाल्या, आणलेल्या सासवा झाल्या. मग एका मुलाचा चाचरता आवाज आला.

"सर... स्मोक इज पिकिंग अप."

"एक्सलंट!" भाऊजी गरजले. "वाढण्याचा अर्थ! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. जळक्या रबराचा वास दाराखालून आमच्यापर्यंत पोचला.

"सर, बोर्ड... बोर्ड इज..." एका मुलीला पुढचा शब्द सापडेना.

"टेक युअर टाइम," सर प्रेमाने म्हणाले. "पूर्ण वाक्य."

ताईने ट्रे माझ्या हातात कोंबला आणि लाथेने दार उघडलं. "अहो! आग लागलीय! बाहेर व्हा सगळे! आणि तू खाली पळ, मेन पाड!"

मी ट्रे पायरीवर आपटला, धावत जाऊन गॅरेजातला मेन स्विच पाडला. वर बघतो तो जिन्यावरून सर्वात आधी अधिकारी येत होते. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडत होतं ते अस्सल आपल्या भाषेतलं होतं आणि कुठल्याही शब्दकोशात सापडलं नसतं.

विजेचा बोर्ड काळा ठिक्कर पडला होता. बाकी इजा कुणाला झाली नाही. भाऊजी भिंतीला टेकून घाम पुसत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे वखार दिसत असावी.

अधिकाऱ्यांनी शर्ट झटकला. "सर, काम तुमचं."

"आं?" भाऊजी चक्क आपल्या भाषेत दचकले.

"अहो, खोली धुराने भरली आणि एकानेही नियम मोडला नाही! उलट टाळ्या! आमच्याकडे ग्राहक फोनवर बोंबलतो की फ्रिजमधून धूर येतोय, आणि आमची पोरं घाबरून पटकन आपल्या भाषेत सांगून टाकतात, प्लग काढा. एका मिनिटात विषय खलास. कंपनीची काही शान राहते का?" मग ताईकडे बघून म्हणाले, "या बाईंना मात्र क्लासची गरज आहे."

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते तरंगतच. "वी पिक्ड अप द कॉन्ट्रॅक्ट!" त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

ताई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"डिअर, आय ॲम हंग्री."

लसणाची आणखी एक पाकळी सोलली गेली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कानामागे हात धरला.

"अगं, भूक लागलीय गं," ते शेवटी पुटपुटले.

"आता आलं ऐकू," ताई म्हणाली. "आधी माझ्या भावाला वायर बदलून द्यायला सांगा. पूर्ण वाक्यात."

त्यांनी सांगितलं, पूर्ण वाक्यात. मी दुसऱ्याच दिवशी वायर बदलली. नियम तसाच आहे. फक्त जिन्याकडचं दार आता ताईने काढून ठेवलंय.

ही हकिगत ऐकून बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं काम मिळालं ते. माझ्या वखारीत सगळं लाकूडच. तिथे हा माणूस नकोच."