कन्नडच्या बाजारातले एकेचाळीस फॉर्म

गेल्या महिन्यात कन्नडच्या आठवडी बाजारात मी चोरासारखी गेले होते. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल... आपल्याकडं उन्हात निम्म्या बायका अशाच फिरतात, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

फेलोशिपबद्दल तुम्ही सगळे आठवडाभर अभिनंदन करताय. पण तिच्यामागची ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

मी इथं संभाजीनगरला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. माझा विषय रीजनल सायन्स... म्हणजे माणसं आणि माल कुठून कुठं जातात आणि का जातात, याचा अभ्यास. या विषयाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची परिषद यंदा जपानला आहे, आणि नव्या संशोधकांना ते जाण्यायेण्यासकट फेलोशिप देतात. माझा पेपर होता बाजारांवर. जवळचा बाजार सोडून लोक लांबच्या बाजाराला का जातात, एवढाच प्रश्न.

निवडीचा ईमेल आला तेव्हा घरात पेढे वाटले. चौथ्या दिवशी दुसरा ईमेल... परीक्षकांना कन्नडच्या बाजारातल्या सर्व्हेमधल्या एका गावाच्या एकेचाळीस फॉर्मबद्दल खुलासा हवा होता. सगळ्या बायका, सगळ्यांची पोचायची वेळ सव्वादहा. चार बाजारांच्या दिवशी फॉर्म भरले, तर दर वेळी दहा किंवा अकराच. लांब का येता, याचं उत्तर सगळीकडं एकच... 'सोयीचं'. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर निवड रद्द.

मी गठ्ठा काढून बघितला. सगळ्या फॉर्मवर एकच अक्षर, एकच निळा पेन. ते अक्षर शोभाचं होतं.

शोभा माझी एम.ए.ची मैत्रीण. कन्नडला दिलेली, बाजाराला लागून तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथला सगळा सर्व्हे तिनं करून दिला, तोही मैत्रीखातर.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी उलटून बघते. म्हटलं, झालं, बसली असणार ही मशीनवर आणि ठोकले असणार घरबसल्या एकेचाळीस फॉर्म. दोन रात्री मनातल्या मनात तिच्याशी भांडले. रागही येत होता आणि रडूही. पण फोन केला नाही. फोन केला तर ती सावध होईल ना...

म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळची एस.टी. पकडली आणि तिच्या दुकानासमोर, लसणाच्या ढिगाआड उभी राहिले.

सव्वादहाला एक काळी-पिवळी जीप येऊन थांबली. एकेक करत बायका उतरल्या. मी मोजल्या... अकरा. कुणाच्या हातात कोंबडी, कुणाकडं अंड्यांची टोपली. सगळ्या सरळ शोभाच्या दुकानात गेल्या, पिशव्या ठेवल्या, माठातलं पाणी प्यायल्या.

लसणावाल्याला विचारलं, तर गाडी त्यांनी मिळून ठरवलेली. बसतात किती, तर दहा नाहीतर अकरा. वेळ ठरलेली, कारण ड्रायव्हरला दुसरी खेप असते. आणि लिहिणारी शोभा एकटीच, म्हणून अक्षर एक.

मी हळूच मागं सरकणार, तेवढ्यात दुकानातून शोभाचा आवाज आला, "स्कार्फ काढ गं. गरम होत असंल."

लसणावाल्याला वाटलं, मी काहीतरी उचललं. तोही बघायला लागला.

दुकानात गेले तर त्या बायका माझ्याकडं माझ्याहून जास्त संशयानं बघायला लागल्या. शोभानं त्यांना विचारलं, "फॉर्मवाली हीच. सांगू का हिला?" मग त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, सांग.

जवळच्या बाजारात निम्मं गाव असतं, सासरची भावकी असते. कोंबडी कितीला विकली, काय घेतलं, कुणाशी बोलली... बाई घरी पोचायच्या आत सगळं घरी पोचलेलं असतं. "इथं आम्हाला कोण वळखत नाय," म्हातारी म्हणाली. "भजी खावावी वाटली तर खाता येतात." हे कागदावर नको, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून शोभानं 'सोयीचं' लिहिलं. एकही शब्द खोटा नव्हता.

हे कागद जाणार कुठं, म्हातारीनं विचारलं. मी म्हटलं, जपानला. तिनं जरा विचार केला. "तिथं आपली भावकी नाय. लिवा मग, कुठंबी लिवा. गावाचं नाव तेवढं नको."

गावाचं नाव न घालता खुलासा पाठवला. दोन दिवसांत मान्य झाला. वर त्यांनी सुचवलं की परिषदेत हाच भाग सविस्तर मांडा. तुम्ही अभिनंदन करताय ते यासाठी.

पण त्या दिवशी शोभा मला स्टँडवर सोडायला आली होती. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "फोन न करता का आलीस, कळलं मला." ती पुढं म्हणाली, "फॉर्म तपासायला पाहिजेच होते तू. पण मला विचारलं असतंस, तर मी सांगितलंच असतं." चिडली असती तर बरं झालं असतं...

आता पेपरवर माझ्या शेजारी तिचंही नाव आहे. पण त्यानं भागत नाही, हे मला कळतं.

त्या परीक्षकांनी मला कधी बघितलेलंही नाही. तरी शंका आली तेव्हा त्यांनी सरळ मलाच विचारलं, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. मी मात्र चौदा वर्षांपासूनच्या मैत्रिणीला काही न विचारता तिच्यावर पाळत ठेवायला गेले.

शोभा, चुकलं माझं. स्टँडवर म्हणायला पाहिजे होतं, तेव्हा तोंडातून निघालं नाही. म्हणून इथं, सगळ्यांसमोर म्हणतेय.