अकरा हजार एकशे अकरा दूर्वा

मंगळवार, अठरा तारीख. काम : दूर्वांच्या जुड्या बांधणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांची तारीख मिळता मिळत नव्हती. ती मिळावी म्हणून सासूबाई गणपतीला अकरा हजार एकशे अकरा दूर्वांचा नवस बोलून बसल्या. (सगळे एकच एक, दिसायला छान, म्हणून.) तारीख मिळाली, आणि नवस फेडल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढणार नाही, हेही जाहीर झालं. जुडी एकवीसची, सगळ्या सारख्या, एकही दूर्वा सुटी राहता कामा नये. मी आणि माझा नवरा सुधीर रविवारपासून बांधत होतो. मंगळवारी दुपारी शेवटची जुडी झाली आणि सतरंजीवर दोन दूर्वा उरल्या.

"दोन?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या डॉक्टरकडे माझे दोन स्क्रू असेच उरले तर?"

सुधीर चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. "आई, अकरा हजारांत दोन. टॉलरन्समध्ये बसतं."

"तुमच्या कंपनीत बसत असेल. बाप्पाकडे नाही."

"मग अजून एकोणीस घालू," मी म्हटलं.

"तो वेगळा नवस झाला. तू अकाउंट्सवाली ना? दुसऱ्या कशानं तरी भाग. आकडा विषम हवा, बास."

अकरानं जाणारच, दिसतंय की, म्हणून मी भागलं. एक उरला. तीननं दोन, सातनं दोन, तेरानं तर नऊ! सतरा, एकोणीस, तेवीस... प्रत्येक वेळी काहीतरी उरायचंच. सदतीसनंतर मी मोबाइल खाली ठेवला आणि अधिकारवाणीनं सांगितलं, "आई, ही मूळ संख्या आहे. हिला कुणीच भागू शकत नाही."

सासूबाईंनी हॉस्पिटलसाठी भरलेल्या बॅगेतून टॉवेल बाहेर काढला. मग गाऊन. मग कवळीची डबी.

सुधीरचा चेहरा पांढरा पडला. "तू कुठपर्यंत बघितलंस?"

"सदतीस."

"तिथेच का थांबलीस?"

"कंटाळा आला."

त्यानं मोबाइल ओढून घेतला. पुढचीच मूळ संख्या, एक्केचाळीस. उत्तर दोनशे एकाहत्तर, बाकी शून्य!

"एक्केचाळीसची जुडी चालेल," सासूबाई म्हणाल्या आणि टॉवेल परत आत ठेवला. आम्ही बांधलेल्या सगळ्या जुड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या आणि दिवेलागणीला देवळात पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचलं, आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"नीट चालायला लागले तर अजून एक एक वाढवते. एक लाख अकरा हजार एकशे अकरा. सारख्या जुड्या होतात का, आधी सांग. नाहीतर मी आत जात नाही."

वॉर्डबॉय खोळंबलेला. मोबाइल काढून मी एकवीसनं भागलं.

"होतात! एकवीसच्याच होतात, आई! एकही उरत नाही!"

"मग बोलले," म्हणत त्या हसत आत गेल्या. दार बंद झालं.

सुधीर म्हणाला, "नाही होत म्हणाली असतीस तर आकडा तरी बदलला असता."

हे मला सुचायला हवं होतं. पण बाकी शून्य आली की माझं डोकं तिथेच थांबतं.