भिंत पाडायची परवानगी

परवानगी मागण्यात आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडला नसता. जिंतूरच्या एसटीत रिकामी जागा दिसली, की आधी शेजारच्याला, मग मागच्याला, मग कंडक्टरला "बसू का?" असं विचारणार, आणि तेवढ्यात तिथे कुणीतरी आपली टोपली ठेवून मोकळं झालेलं असणार. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "फळा पुसू का रे?" पोरं इरसाल, "नको सर" म्हणाली. सरांनी उरलेल्या कोपऱ्यात वर्गमुळं शिकवली! मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो; मी चिडवलं की मला म्हणायचे, "सर, इचारून केलं की कुणाला बोलायला जागा राहत न्हाई." गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या माणसाला ही सवय कुठून लागते, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावातल्याच लोकांनी सरांचं घर जाळलं. छप्पर, दार, कणगीतली ज्वारी, सगळं गेलं. उरली ती मागची उंच, पोट सुटलेली भिंत. तिच्याच आडोशाला चार पत्रे टाकून त्यांच्या म्हाताऱ्या आईनं चूल मांडली. सर तिला जिंतूरला आपल्या खोलीवर चल म्हणून विनवून थकले. "म्या गेले तर त्येंच्याच मनासारखं हुईल," एवढंच ती म्हणायची. पाऊस चालू होता आणि भिंत रोज थोडी आईच्या अंगावर झुकत होती. ती पाडणं भागच होतं. सर परवानगी काढायला निघाले, तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. "आरं, जाळताना कुणी पावती फाडली व्हती का?"

ग्रामपंचायतीनं आधी घरपट्टी भरून घेतली, तीही जळालेल्या घराची. मग फी, मग पाहणीला येणाऱ्या साहेबाचं जीपभाडं. मी संतापायचो आणि सर उलट माझीच समजूत काढायचे. शेवटी शेजाऱ्याची ना-हरकत तेवढी राहिली. भिंतीपलीकडे ज्याचा गोठा, त्याची सही. घर पेटवणाऱ्यांत सरांनी पोलिसांना ज्याचं नाव सांगितलं होतं, तो हाच.

मी सोबत गेलो. त्यानं मला चहा दिला, सरांना बसा म्हटलं नाही. गोड आवाजात म्हणाला, "सही कराय कितीक येळ लागतो मास्तर? तुमी आमचं नाव तेवढं मागं घ्या."

सर तडक निघाले, 'येतो' म्हणायलासुद्धा थांबले नाहीत. वस्तीतून टिकाव आणला, आईला बाजूला बसवलं आणि भरदुपारी सगळ्यांदेखत भिंत पाडली.

नाव त्यांनी मागे घेतलं नाही. पण बाकीचे साक्षीदार फुटले, जाळपोळीचे सगळे आरोपी सुटले. शिक्षा झाली ती एकट्या सरांना, शेजाऱ्याच्या तक्रारीवरून, विनापरवाना बांधकाम पाडल्याबद्दल दंडाची. दंड भरून ते बाहेर आले आणि पावती माझ्यापुढे धरली.

"हे बघा सर. जाळल्याच्या पंचनाम्यात कडब्याची गंज लिहिली हुती. हितं 'राहतं घर' लिहिलंय."

आणि ते हसले, लहान मुलासारखे, मनापासून. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते हसणं मात्र मला अजून विसरता येत नाही.