न उठवलेला कॉशन

वडिलांनी निवृत्तीनंतर मोटरसायकल घेतली, तेव्हा शोरूमवाल्यांनी ती लाल साटिनच्या कपड्याखाली झाकून ठेवली होती. थोड्याच वेळापूर्वी आम्ही तीच गाडी उघडी पाहिली होती, तिची चाकं दाबली होती, तिच्यावर बसूनही झालं होतं. तरीही "रेडी, अंकलजी?" म्हणत कपडा ओढला गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हार, केक आणि हातभर लांब थर्माकोलची किल्ली. वडिलांनी ती दोन्ही हातांत धरून निमूटपणे फोटो काढून घेतला आणि मग विचारलं, "अब असली वाली दीजिए."

मला समारंभांचा कंटाळा आहे. बँकेतली माझी बरीचशी नोकरी शाली, पुष्पगुच्छ आणि वाऱ्याने विझणाऱ्या समया यांच्या सहवासात गेली. त्यामुळे मी एका कोपऱ्यात उभा राहून मनात शेरे मारत होतो. गाडीची माहिती सांगणाऱ्या मुलीचं बोलणं मात्र वडील नीट ऐकत होते.

ती सांगत होती की पहिल्या सर्व्हिसपर्यंत ही गाडी पूर्ण ताकद देणार नाही. इंजिन नवं आहे, ते रुळायला वेळ लागतो. तोवर थ्रॉटल कितीही पिळला तरी गाडीतला कॉम्प्युटर तो अर्ध्याच्या वर उघडू देत नाही. पहिल्या सर्व्हिसला लॅपटॉप जोडून तो लॉक काढतात.

दुसरा कोणी गिऱ्हाईक असता तर कुरकुरला असता. वडिलांचा चेहरा खुलला.

"म्हणजे कॉशन आहे," ते मला म्हणाले. "बरोबर आहे. लावलाच पाहिजे."

वडील रेल्वेत रुळांचे इंजिनिअर होते. नागपूरहून बदली होऊन लखनौला आले आणि इथलेच झाले. रुळाखालची खडी नवी टाकली की ती बसेपर्यंत तिथून गाड्या हळू न्यायच्या, हा त्यांच्या कामातला रोजचा नियम. त्या हळू जाण्याच्या हुकमाला ते कॉशन म्हणतात. खडी जसजशी बसेल तसतसा वेग वाढवायचा आणि शेवटी कॉशन उठवायचा. आमच्या घरी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही "आठवडाभर कॉशन, मग बघू" असंच बोलणं झालं होतं.

तेव्हा ते अर्ध्या ताकदीची गाडी अत्यंत समाधानाने चालवू लागले. ओव्हरब्रिजवर आईला मागे घेऊन चढताना दुधाचे कॅन लटकवलेली एक जुनी मोटरसायकल त्यांच्या पुढे गेली.

"त्या दूधवाल्याने वळून बघितलं," आई घरी येऊन म्हणाली. "त्याला वाटलं आपली बंद पडली."

"कॉशन आहे," वडील म्हणाले.

"दूधवाल्याला नाही का कॉशन?"

"त्याची खडी बसलेली आहे."

पहिल्या सर्व्हिसला गाडी मी नेली, कारण वर्कशॉप माझ्या शाखेच्या वाटेवर होतं. काउंटरवरच्या तरुणाने सगळं तपासून विचारलं, "सर, लॉक हटा दें?"

मी विचार करून उत्तर दिलं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचार केला नाही. डोळ्यांसमोर वडिलांचा दुखरा गुडघा आला, शहीद पथावरचे ट्रक आले, आणि मी म्हणालो, "रहने दीजिए. पापा चलाते हैं."

"समझदारी की बात है सर," तो म्हणाला. खरं सांगायचं तर ते मला आवडलं. दुसऱ्यांच्या हारतुऱ्यांना हसणाऱ्या माणसाला एवढंसं प्रशस्तिपत्र पुरलं.

वडिलांशी यावर बोलायला हवं होतं. बोललो असतो तर वाद झाला असता आणि तो मी हरलो असतो. गाडी त्यांची, पैसे त्यांचे, लायसन्स त्यांचं. म्हणून मी बोललो नाही. संध्याकाळी मी किल्ली हातात दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "उठला कॉशन?"

"उठला," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रेल्वेत माणूस कॉशन उठला म्हणाला की तो उठलेला असतो, त्यावर हजारो लोकांना घेऊन गाडी जाते. एखाद्या साध्या माणसाने उलटतपासणी केली असती. मॉलच्या पार्किंगमध्ये थ्रॉटल पिळून बघितला असता. वडिलांनी काही केलं नाही. चौक, अमीनाबाद, हॉस्पिटल, भाजी एवढ्यासाठी त्यांना अर्ध्याहून जास्त ताकद लागतच नव्हती. मी मनात म्हटलं, झालं. कोणाचं काही बिघडलं नाही.

जूनमध्ये ते आईला घेऊन मलिहाबादला निघाले. ओळखीच्या बागेतून दशहरी आंबे आणायचे होते. मी कार देऊ केली. "आंबे आणायला एसी कशाला?" म्हणाले.

पुढचं मला आईने सांगितलं. क्रेट लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे ते बराच वेळ होते. रस्ता मोकळा दिसला तेव्हा वडील उजवीकडे आले, त्यांनी थ्रॉटल पूर्ण पिळला, आणि गाडी जशी होती तशीच राहिली. ट्रॉली शेजारी होती, संपत नव्हती. समोरून बस आली. वडिलांनी ब्रेक मारून गाडी कशीबशी ट्रॉलीच्या मागे घेतली आणि ती तशीच डावीकडे मातीत उतरून आडवी झाली. आईचा गुडघा सोलला. बसवाला शिव्या देत गेला. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंसुद्धा नाही.

दोघं आंबे न घेता परत आले. आई खूप बोलली. एरवी जे ती बोलत नाही तेही बोलली: "या वयात कसली हौस? मला विधवा करायचं आहे की सोबत न्यायचं आहे?" वडील डेटॉलची बाटली धरून बसले होते.

"गाडी तयार होती," ते शेवटी म्हणाले. "माझाच हात पुरता फिरला नाही. मनगट आखडतं हल्ली."

मग ते मनगट त्यांनी आम्हा दोघांसमोर हवेत फिरवून बघितलं, हळू, एकदा पुढे आणि एकदा मागे. मी तिथेच होतो. मी आईला कापूस दिला.

दोन दिवसांनी त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि एक शब्दही न बोलता झालं होतं. मला झोप लागेना. त्यांची गाडी जाणार होती ही एक गोष्ट. पण त्यांना आता स्वतःचा हात भरवशाचा वाटत नव्हता, आणि ते माझ्यामुळे. चहाचा कपही ते डाव्या हाताने उचलू लागले होते.

तरीही मी सरळ सांगितलं नाही. माझा बेत असा होता की विकण्याआधी "चेकअप" म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये न्यायची, लॉक गुपचूप काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, बाबा, एकदा चालवून तर बघा. असल्या बेतांना बँकेत आम्ही दुरुस्ती म्हणतो.

पण वडील म्हणाले, "मीही येतो. विकताना दोष सांगायला हवेत." ते मोटरसायकलवर पुढे, मी कारमध्ये मागे.

काउंटरवर तोच तरुण होता. त्याने वडिलांना ओळखलं नाही, मला ओळखलं. लॅपटॉप जोडला, पाहिलं आणि आनंदाने म्हणाला, "अंकलजी, ये तो अभी तक लॉक में है. सर ने ही रखवाया था. बहुत ख़याल रखते हैं आपका. आजकल के बेटे कहाँ सोचते हैं!"

वडील म्हणाले, "अच्छा."

मग त्यांनी त्याला लॉक काढायला सांगितलं. चहा येईपर्यंत काम झालंही. एवढंसं काम होतं ते. तरुण चहा देऊन गेल्यावर वडील माझ्याशी मराठीत बोलू लागले, हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. माझी लाज ते राखत होते.

"कॉशन कशाला लावतात?"

"रुळाला."

"ड्रायव्हरला नाही. आणि ड्रायव्हरला काय करतात?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

"सांगतात," ते म्हणाले. "गाडी सुटायच्या आधी त्याच्या हातात कागद देतात. अमुक ठिकाणी हळू. त्याला न सांगता कोणी असं करत नाही रे. कोणीच नाही. तू उठला म्हणालास."

"बाबा, मला भीती वाटत होती."

"मग तसं म्हणायचं. भांडलो असतो." त्यांनी चहा संपवला. "आणि तुझी आई मागे होती."

ते उठले. मला वाटलं निघून जातील. त्यांनी काउंटरवरून एक हेल्मेट मागून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "कॉशन उठवला की पहिल्या गाडीच्या इंजिनवर मी स्वतः चढायचो. बस मागे."

ट्रायलवाल्यांचं ते हेल्मेट मोठं होतं आणि त्याला कोणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास होता. बँकेत जायच्या कपड्यांत, टायसकट, मी वडिलांच्या कमरेला धरून लखनौमधून निघालो. मलिहाबाद रोडला एका ठिकाणी त्यांनी गाडी बाजूला घेतली. "इथे," ते म्हणाले. मातीत काही दिसत नव्हतं. परत येताना पुढे एक ट्रॉली लागली. त्यांनी आरशात पाहिलं, पुढे पाहिलं, उजवा हात पिळला, आणि गाडीने अशी झेप घेतली की माझं डोकं मागे गेलं. क्षणात ट्रॉली मागे पडली आणि ते पुन्हा आपल्या वेगाला आले. मनगट चांगलं फिरत होतं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि तेच बरं होतं.

घराच्या फाटकाशी ते म्हणाले, "आईला तू सांग. मी तिला हात चुकला म्हणून सांगितलंय."

आई भेंडी चिरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: काउंटर, लॉक, "उठला" हा शब्द. मध्ये कुठे "तुमच्या काळजीने" असं म्हणायला गेलो, तर तिने हाताने थांबवलं. माझ्याकडे न बघता ती दाराशी उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाली, "अहो, मग मी उगाचच इतकं बोलले तुम्हाला."

"बोललीस," ते म्हणाले.

"सांगायचं ना, गाडी ओढत नव्हती म्हणून."

"मला कुठे माहीत होतं?"

मग आई हसली, गुडघ्याला हात लावत. माझ्याशी त्या दिवशी ती जेवणाखेरीज काही बोलली नाही. संध्याकाळी ते दोघं मोटरसायकल घेऊन बाहेर पडले. कुठे जातात, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.