सतरा मुलांचा एकच घसा

सगळी वस्ती तिला खोकलामावशी म्हणायची. सव्वीस वर्षं दारोदार फिरून तिने मुलांच्या छात्या ऐकल्या होत्या. भिंतीपलीकडून खोकला आला की ती चालता चालता सांगायची, हा कोरडा, हा कफाचा, आणि हा शाळा बुडवायचा. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. लोक हे विसरू नयेत म्हणून ती स्वतःच अधूनमधून आठवण करून देई.

अशा बाईच्या हाती वरच्या दवाखान्याने एक फोन दिला. मुलाचं नाव घालायचं, बटण दाबायचं आणि मुलाला फोनसमोर खोकायला लावायचं. खोकला ऐकून फोन ठरवणार. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, लाल म्हणजे विषाणूने ठाण मांडल्याचा संशय. ठिपके लगेच डॉक्टरीणबाईंच्या नकाशावर उमटणार.

"आता माझ्या कानांवर हा डबा देखरेख करणार," मावशी नवऱ्याला म्हणाली.

"करू दे. घरात तरी ते कान कुणाचं ऐकतात?" नवरा म्हणाला.

सोमवारी ती निघाली. पहिल्याच घरी तीन वर्षांचा मुलगा ओठ घट्ट मिटून बसला. सांगितल्यावर खोकेल ते मूल कसलं? मग मावशीने आपली जुनी युक्ती काढली. बटण दाबून तिने आधी स्वतः खोकून दाखवलं. "असं कर बरं, राजा." मुलगा खुदकन हसला आणि खोकला. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. फोनवर लाल ठिपके पडत गेले, तशी मावशी गंभीर होत गेली.

दुपारपर्यंत सतरा घरं झाली. अठरावं शिंपिणीचं. तिथे बारा दिवसांचं बाळ होतं, दिवस भरायच्या आधीच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. एवढ्याशा जिवाला साधी सर्दीही श्वास पुरू देत नाही, हे मावशीने डोळ्यांनी पाहिलं होतं. साथ आलीच आहे, आधी याला तपासू, म्हणून तिने कडीला हात घातला. तेवढ्यात मागे गाडी थांबली.

मास्क लावलेली डॉक्टरीणबाई ऑक्सिजनचं नळकांडं घेऊनच उतरली. "मावशी, तुमची अख्खी गल्ली लाल झाली आहे. मुलं कुठायत?"

मुलं समोरच होती. एक भिंतीवर चढलं होतं, दोघं एका चेंडूवरून भांडत होती. डॉक्टरीणबाईने सगळीकडे पाहिलं आणि फोनमधले खोकले ऐकायला सुरुवात केली. पाचव्या खोकल्याला तिच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, सतरा मुलांना एकच घसा कसा? फोन पहिला खोकला टिपतो आणि थांबतो."

"म्हणजे तुमचा फोन चुकला. माझा हा नेहमीचा, धुळीचा," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने तिच्या नाकात काडी फिरवली. पाव तासाने तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. "फोन चुकला नाही. विषाणू तुमच्याच घशात आहे. तुमच्यासाठी ती नुसती सर्दी. या सतरा जणांवर आपण लक्ष ठेवू. पण ते बाळ..."

कडी तापलेली असावी तसा मावशीने हात मागे घेतला.

मावशीची नोंद करताना नवी अडचण आली. फोन पाच वर्षांपुढचं वय घेईना. "पाच टाका," मावशी पडेल आवाजात म्हणाली. संध्याकाळी घरच्या फोनवर संदेश आला, बाळाला अंगावर पाजणं चालू ठेवा. नवऱ्याने तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

तिला आठ दिवस घरी बसायचं होतं. ती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी मास्क लावून शिंपिणीच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली. दवाखान्याचा फोन आता शिंपिणीकडे होता, तो श्वासही मोजून ठिपका दाखवायचा. बंद काचेआड तिने बाळाची दुपटी सोडली आणि दर श्वासाला फोनवर बोट टेकवत एक मिनिट मोजलं. मग ओरडून सांगितलं, "सेहेचाळीस. हिरवा."

"सत्तेचाळीस," मावशी पलीकडून ओरडली. "मधला एक चुकवलास."

"एवढ्या लांबून दिसला तुम्हाला?"

उत्तर द्यायच्या आत मावशीला खोकला आला. शिंपिणीने झटकन पडदा ओढून घेतला.

"पोरगी हुशार आहे," असं पुटपुटत मावशी लांबच्या वाटेने घरी गेली.