मुक्यानं आणलेली गौर

त्या वर्षी गौर आणू नये असंच माझ्या मनात होतं. ह्यांच्या कंपनीचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, व्हिसा वाढेल की नाही कोणी सांगत नव्हतं, आणि देव ह्यात काही करील असं मला वाटत नव्हतं. पण लग्न होऊन बहारीनला निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, आपल्या घरची गौर खंडित व्हायची नाही. मी देवभोळी नाही, पण अंगावर घेतलेलं काम टाकतही नाही.

आमच्याकडे खड्यांची गौर. पाणवठ्यावरून खडे उचलायचे, तबकात ठेवून घरी आणायचे, आणि उचलल्यापासून देवापाशी ठेवेपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही. गावी ओढा होता. बहारीनमध्ये ओढा कुठला? पण आम्ही हूरा नावाच्या वस्तीत राहायचो आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र होता. आता तिथे भराव टाकून मोठे रस्ते झालेत म्हणे. तेव्हा, ऐंशीच्या आसपास, लाँचा काठाला लागायच्या, जाळी वाळत पडलेली असायची, आणि दुपार कलली की भाजलेल्या मासळीचा वास गल्लीभर पसरायचा. बाजारात शेपू इतका कोवळा मिळायचा की गौरीच्या भाजीची कधी पंचाईत झाली नाही. आजही शेपू निवडायला बसले की मला हूरा आठवतो.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग होऊन गेली होती. मी खडे उचलले, वळले, तर पालथ्या घातलेल्या होडीच्या आडोशाला एक बाई बसलेली दिसली. अंगात काळा, पायघोळ अबाया, पाय अनवाणी. ती उठून माझ्याकडे बघत राहिली. एरवी मी 'मफी, मफी', काही नाही, काही नाही, म्हणून हात हलवला असता आणि तिला वाटेला लावलं असतं. त्या दिवशी तोंड बंद होतं. मी चालू लागले. मागून पावलं ऐकू आली, एक टेकलेलं, एक ओढलेलं. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. मनात म्हटलं, गौराई, हिला परस्पर कुठेतरी वळव. ती वळली नाही.

दारात फिलोमिना उभी होती. ही आमची शेजारीण, वसईची, इस्पितळात नर्स. घरात दुसरं बाईमाणूस नाही म्हणून दर वर्षी माझे पाय तीच धुवायची. तुमच्या गौरीची आणि आमच्या मेरीची ओळख आहे, वैनी, असं वर म्हणायची. तिने परातीत माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं, मी आत गेले. मागच्या बाईला वाटलं असावं, ह्या घरात शिरायची हीच रीत. तिने निमूट आपला पाय परातीत ठेवला.

खडे देवापाशी ठेवून मी परत आले ते तिला बाहेर काढायलाच. पाहते तर फिलोमिना तिचा तळवा हातात धरून बसलेली. धड कातडी अशी नव्हतीच. वळांवर वळ, मध्ये काळंनिळं.

"चालून झालेलं नाही हे, वैनी," ती हळू म्हणाली. "बांधून मारलंय. तळव्यांवर."

मी उरलेलं दूधपाणी तिच्या दुसऱ्या पायावर घातलं.

वॉर्डात शिकलेल्या अरबीवर फिलोमिनाने हकीकत विचारून घेतली. पलीकडच्या एका देशात ती शाळेत शिकवत होती. देशाचं नाव मी लिहीत नाही, तिचे भाऊ तिथेच होते. सरकारविरुद्ध बोलला म्हणून तिच्या नवऱ्याला घरातून उचललं, तो परत आला नाही. मग हिला नेलं, त्याच्या मित्रांची नावं सांग म्हणून. नावं दिली नाहीत, एवढंच ती म्हणाली. सुटल्यावर कांद्याच्या गोण्यांखाली लपून लाँचमधून आली. उतरवताना लाँचवाल्याने सांगितलं होतं, इथेच बस, एक बाई येईल, ती बोलणार नाही, तूही बोलू नकोस, तिच्या मागून जा.

मी फिलोमिनाला पुन्हा विचारायला लावलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

हे कामावरून आले आणि हबकले. त्यांची चूक नव्हती. कागद नसलेलं माणूस घरात सापडलं की आमचा व्हिसा गेलाच. आणि तिला परत पाठवलं असतं, तर तिकडे ती जगली नसती.

"पोलीस आले तर काय सांगशील?"

"माहेरवाशीण आहे म्हणून सांगेन."

"अरबी माहेरवाशीण?"

"गौर आत आली की विसर्जनापर्यंत घालवत नाहीत. मग बघू."

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. परतले ते मऊ सपाता घेऊन, पट्ट्या बांधलेल्या पायांतही बसतील अशा मोठ्या.

दुसऱ्या दिवशी तिने घावन-घाटलं मागून घेऊन खाल्लं, आणि तिची मावशी पुलापलीकडे मुहर्रकला राहते असं कळलं म्हणून फिलोमिना ते घर शोधायला गेली. समुद्रावर तिला न्यायला खरं तर ही मावशीच येणार होती. पण तिच्या दारात आदल्या दिवशी सकाळपासून पोलिसांची गाडी उभी, म्हणून तिला निघता आलं नव्हतं. आणि आम्ही घरी पोचल्यावर थोड्याच वेळात काठावर झडती झाली होती. ह्यावर मी काही म्हणत नाही. जसं कळलं तसं लिहिलं.

विसर्जनाच्या दिवशी मावशी तिला न्यायला आली. माहेरवाशिणीला रिकामं कसं पाठवायचं? पण ओटी भरायची तर ती सवाष्ण आहे की नाही, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी क्षणभर थांबले. मग तांदूळ, नारळ आणि खण तिच्या अबायाच्या ओटीत घातला. देवीला चालायचं नसतं तर तिने तिला माझ्या मागे चालवलंच नसतं. ती मला 'उख्ती' म्हणाली. बहीण. तेवढं अरबी मला येत होतं.

पुढच्या वर्षी मावशी बाजारात भेटली. भाची दूरच्या एका थंड देशात सुखरूप आहे, पुन्हा शिकवते आहे, म्हणाली. नवऱ्याचं काही कळलं नाही. आमचा व्हिसा वाढला, पण त्याचा संबंध मी ह्याच्याशी जोडत नाही.

आता गावी ओढ्यावरून खडे आणते. सून विचारते, आई, न बोलण्यात एवढं काय आहे? बोलण्यात मी आयुष्यभर कोणाला हार गेले नाही. त्या दिवशीही बोलता आलं असतं, तर मी तिला समुद्रावरच सोडून आले असते आणि शहाणपणाने वागले असंच मला वाटलं असतं. गौरीने माझं तोंड धरलं, त्याचे उपकार मानते. आपण गप्प राहिलो की कधीकधी तिला तिचं काम करता येतं, एवढं मला कळलं आहे.

खडे उचलून घराकडे वळले की अजूनही मागे पाहत नाही. फक्त जरा सावकाश चालते. कोणी मागून येत असलं, तर त्याला गाठता यावं.