अण्णांचे पाइप आणि अक्कांच्या पायऱ्या

अख्ख्या म्हैसूर राज्यात निव्वळ नाकावर जगणारा माणूस एकच झाला, आणि तो आमचा घरमालक होता! बाकीचे लोक डोळ्यांनी बघतात, कानांनी ऐकतात. अण्णा सगळं नाकानं करत. दारात उभ्या राहिलेल्या माणसानं सकाळी कुठल्या हॉटेलात कॉफी घेतली, केसांना कुठलं तेल लावलं आणि येताना कुणाच्या शेजारी बसून आला, हे ते उंबऱ्यातच सांगत. बरोबर निघालं की लहान मुलासारखी टाळी वाजवत. मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि लिहिणारा तर त्याहून कमी. पण अण्णांचं नाव निघालं की माझ्यासारख्याचीही जीभ सुटते. शिवाय त्यांच्या घरातली एक गोष्ट पंधरा वर्षं माझ्या पोटात सलते आहे. ती आज सांगणार आहे. पण आधी अण्णा!

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरामागची एक खोली मला मिळाली, तेव्हा मी साताऱ्याहून नुकताच आलो होतो. कारखान्यात ड्राफ्ट्समनची नवी नोकरी होती. अण्णा त्याच कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे बनवत. मूळचे निपाणीचे, म्हणजे तंबाखूच्या वखारीशेजारी जन्मलेले. घराण्यात तीन पिढ्या विडी. पण गोरे साहेब देश सोडून निघाले, कँटोन्मेंटमधल्या बंगल्यांचे लिलाव सुरू झाले, आणि कपाट बघायला गेलेले अण्णा कपाटाऐवजी एक पाइप घेऊन घरी आले. "लाकूड बघ की रे! परदेशी झुडपाचं मूळ हाय हे. आग पोटात घेतं आणि जळत न्हाई! असलं माणूस तरी हाय काय एक?" हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकलं आणि पुढची कितीतरी वर्षं ऐकत राहिलो. मी राहायला गेलो तोवर पाइप एकवीस झाले होते, आणि कपाट अजून यायचंच होतं.

हे एकवीस पाइप एका सात पायऱ्यांच्या सागवानी मांडणीवर, चिकपेटेतून आणलेल्या निळ्या मखमलीवर, तीन-तीनच्या ओळीत बसत. बसत म्हणजे अक्षरशः बसत, कारण अण्णांच्या लेखी ती माणसं होती. ज्याच्या घरच्या लिलावातून पाइप आला, त्याचा हुद्दा पाइपाला. सर्वांत वर कर्नल, त्याच्या उजवीकडे जज्ज, डावीकडे सर्जन. खाली उतरत उतरत शेवटच्या पायरीवर रेल्वेचा गार्ड आणि क्लबातला पियानोवाला. पाद्री कुठं बसवायचा यावर मात्र वर्षानुवर्षं निकाल लागेना. एकदा तो पियानोवाल्याशेजारी दिसला, तेव्हा मी सहज विचारलं, तर अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "कर्नलशी पटंना रे त्याचं. दोन दिवस स्वल्प लांब ठेवलाय." तंबाखू ठेवायची व्यवस्था आणखी राजेशाही! त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या, लोणच्याच्या पाच चिनी मातीच्या बरण्या त्यांनी बळकावल्या होत्या. प्रत्येकीवर स्वच्छ दादरा बांधलेला, आत बटाट्याची एक पातळ चकती. तंबाखू कोरडा पडू नये म्हणून ती दर सोमवारी बदलायची. अक्का म्हणत, "घरात माणसांना बटाट्याची भाजी नाही, पण ह्यांच्या तंबाखूला रोज ताजा बटाटा!" "रोज कुठं? सोमवारी," अण्णा गंभीरपणे दुरुस्ती करत.

आणि शिस्त! एक पाइप एकदा ओढला की तीन आठवडे त्याला रजा. भिंतीवर अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात ड्यूटीचा तक्ता: आज सर्जन, उद्या जज्ज, परवा गार्ड. एखाद्याची पाळी चुकवून दुसऱ्याला कामाला लावणं हा त्यांच्या मते अन्याय होता. कारखान्यात संप चालू असतानासुद्धा घरातला तक्ता चुकला नाही. पण सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे फोडणी. हिंगाचा एक कण जरी हॉलपर्यंत आला तरी पाइप तो पितो, अशी त्यांची खात्री. म्हणून तेल तापलं की अक्का स्वयंपाकघरातून भोंग्यासारख्या ओरडत, "फोडणीऽऽ!" आणि अण्णा असतील तिथून, कधी अर्धी दाढी झालेली, कधी धोतराचा एक सोगा हातात, धावत येऊन मांडणीवरचा पडदा ओढत. विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस एकदा या धावपळीत सापडला. पडदा परत उघडेपर्यंत अण्णांनी त्याला थांबवला, हात साबणानं धुवायला लावले, आणि कर्नलपासून पियानोवाल्यापर्यंत ओळख करून दिली. सव्वा तासानं तो सुटला. पुढच्या महिन्यात स्वतःच्या मेव्हण्याला घेऊन आला!

आता त्या पायऱ्यांविषयी. त्या पाइपांसाठी केलेल्याच नव्हत्या. लग्नानंतर अक्का बंगळूरला आल्या, तेव्हा नवरात्रात शेजारच्या शारदम्मांकडे त्यांनी बाहुल्यांची आरास पाहिली. पायऱ्यापायऱ्यांवर देव, राजे, वाणी, बैलगाड्या, आणि सर्वांत वर लाकडी राजाराणी. अक्का हरखून गेल्या. अण्णांनी त्याच वर्षी स्वतःच्या हातानं या पायऱ्या करून दिल्या, आणि अक्का राजाराणीपासून सुरुवात करून दरसाल एकेक बाहुली जमवत गेल्या. त्यांना मूल नव्हतं. नवरात्र संपलं की पायऱ्या रिकाम्या, म्हणून एके वर्षी अण्णांनी "चार दिवस" पाइप मांडले. तेव्हापासून पायऱ्या नऊ दिवस अक्कांच्या आणि उरलेलं वर्ष कर्नलच्या. पण ते नऊ दिवस अक्कांचे! गल्लीतल्या सगळ्या पोरी यायच्या, गाणी म्हणायच्या, चुरमुऱ्या-चण्यांच्या पुड्या घेऊन जायच्या. अक्का ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या असायच्या, आणि अण्णा आपल्याच घरात पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसून कौतुकानं बघत राहायचे.

त्या नऊ दिवसांत पाइप कारखान्यातल्या कपाटात जायचे. मी आल्यावर तिसऱ्या वर्षी ते कपाट कुणीतरी मागून घेतलं. अण्णा माझ्या खोलीत आले, चारी कोपऱ्यांत नाक फिरवलं, आणि म्हणाले, "तुझ्या खोलीला कसलाच वास न्हाई बघ. ना फोडणी, ना उदबत्ती. पोरा, सांभाळशील काय?" मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! एकवीस मखमली पिशव्या मी हातात झेलून घेतल्या आणि माझ्या लोखंडी ट्रंकेत ओळीनं मांडल्या. आणि मग, वाचकहो, मी तेच केलं जे आमच्या आईनं आम्हाला शिकवलं होतं. घरातली जी जी मोलाची वस्तू, लग्नातला शालू, वडिलांचा कोट, आजोबांची पोथी, तिच्यात डांबराची गोळी घालायची. नाहीतर कसर लागते. मी बाजारात जाऊन गोळ्या आणल्या. प्रत्येक पिशवीत एक. कर्नलच्या पिशवीत, मानाचा म्हणून, दोन!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली आणि मला दरदरून घाम फुटला. तो वास! गोळ्या काढून मोरीत टाकल्या, पाइप खिडकीत वाऱ्याला धरले, एकेक फुंकून पाहिला. तेवढ्यात अण्णांची हाक: "आण रे माझी माणसं!" सांगावं, असं मनात आलं. पण त्यांचा चेहरा नऊ दिवस परगावी गेलेली पोरं घरी येणार असल्यासारखा फुललेला. मी नुसत्या पिशव्या पुढं केल्या. हॉलमध्ये अक्का बाहुल्या पेटीत भरत होत्या, आणि त्यांच्या पेटीतही गोळ्या होत्याच. दरवळ सगळीकडे होता. म्हणून त्या नाकाला त्या क्षणी काही कळलं नाही. संध्याकाळी अण्णांनी कर्नल भरला, काडी लावली, एक झुरका घेतला. आणि पाइप तोंडातून हळूच काढून मांडीवर ठेवला. जज्ज उचलला, हुंगला. पाद्री हुंगला. मग पायऱ्यांवरची मखमल हुंगली.

"अगं," ते अक्कांना म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता. "तुझ्या राजाराणीनं माझा कर्नल मारला की."

अक्का पेटीपाशी तशाच उभ्या राहिल्या. "माझ्या बाहुल्यांचा वास बसला की काय हो पायऱ्यांना?" त्यांनीच विचारलं. दरवर्षी पायऱ्या दोन दिवस उन्हात ठेवायचे, त्या वर्षी तेवढा दम निघाला नव्हता; त्यामुळे दोघांनाही ते पटलं. मी तिथंच होतो. चार हातांवर. माझ्या बोटांना तोच वास येत होता, आणि मी ती बोटं पाठीमागं धरून उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी बोललो नाही.

पुढचे सहा महिने त्या घरात पाइपांचं इस्पितळ चाललं. मीठ आणि स्पिरिट झालं, ऊन झालं, ताज्या दळलेल्या कॉफीची पूड पाइपांच्या वाट्यांत दाबून झाली. ती पूड दर दोन दिवसांनी अक्का बदलत, एकवीस पाइप, एका शब्दानं न कुरकुरता. जणू शिक्षाच भोगत होत्या. अण्णा रोज संध्याकाळी एकेकाला हुंगत आणि उत्साहानं ओरडत, "आज जज्जाचा स्वल्प कमी झालाय! बघ, बघ!" मी हुंगायचो आणि म्हणायचो, "हो, कमी आहे." पण पेटवला की वास परत हजर. पुढच्या नवरात्राआधी अक्कांनी बाहुल्यांची पेटी उचलून शारदम्मांकडे दिली. अण्णांनी "दे नको" म्हटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. अक्का म्हणाल्या, "नको. परत काही झालं तर मला सोसायचं नाही." त्या वर्षी गल्लीतल्या पोरी सवयीनं आल्या आणि दारातून परत गेल्या.

मी सांगितलंच नाही असं नाही. लग्न ठरून खोली सोडताना, सहा वर्षांनी, मी धीर करून अण्णांना सगळं सांगितलं. गोळ्या किती, कुठल्या दुकानातल्या, सगळं. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली. "पोरा! अक्काला वाचवायसाठी तू दोष अंगावर घेतोस? कुठल्या मातीचा रे तू?" मी शपथा घेतल्या, ते आणखी गहिवरले. पुढं वर्षभर कारखान्याच्या बसमध्ये ते माझ्याकडं बोट दाखवून लोकांना सांगत, "असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता!" चोरी केल्याबद्दल कुणाला हारतुरे मिळाले असतील तर त्यालाच माझी अवस्था कळेल.

निवृत्तीनंतर दोघं निपाणीला परतली. गेल्या पावसाळ्यात मी भेटायला गेलो. अण्णा आता ओढत नाहीत, खोकला आहे. पण एकवीसच्या एकवीस त्याच पायऱ्यांवर आहेत, आणि तक्त्यावर हुंगायच्या पाळ्या आहेत. ते दुपारी झोपले तेव्हा मी अक्कांपाशी बसून खरं काय ते सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"तेव्हा का नाही बोललास रे?"

मी त्यांच्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मला सांगून आता काय," त्या म्हणाल्या. "त्यांना पटव. तोंडी सांगितलेलं त्यांना पटायचं नाही. छापून आलेलं मात्र काहीही खरं वाटतं त्यांना."

म्हणून हे लिहिलं. अण्णा, छापून आलंय, आता तरी खरं माना: गोळ्या माझ्या होत्या, बाहुल्यांचा काही दोष नव्हता. परवा मी शारदम्मांकडे गेलो होतो. त्या थकल्यात, पण पेटी जपून आहे. मी मागितली तर लगेच म्हणाल्या, "तगोंडु होगि, अवरदे अल्वा?" घेऊन जा, त्यांच्याच आहेत की. नवरात्राच्या आदल्या दिवशी यशवंतपूर स्टेशनवर गाडीत चढेन, पेटी मांडीवर घेऊनच बसेन. कर्नल आणि मंडळींना माझ्याकडे ठेवा असं मी म्हणणार नाही, तेवढी लाज आहे. तुम्हीच कुठंतरी ठेवा. नऊ दिवस तेवढ्या पायऱ्या मोकळ्या करा. अक्का मांडतील की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही. त्यांचे हात आता थरथरतात, आणि तिथल्या गल्लीतल्या पोरींना त्यांच्याकडे यायची सवयही नाही.